पोकळ आवाज

चारुलताने दोन्ही हातांनी दगड ओढला तशी वरून आणखी माती तिच्या नवऱ्याच्या, अरविंदच्या अंगावर घरंगळली. पडक्या बुरुजाची आतली भिंत त्याच्यावर बसली होती. कमरेखाली तो दिसतच नव्हता. आणि तो मात्र हात लांब करून पहारीने समोरची फरशी ठोकत होता.

"चारू, दगड राहू दे. ऐक. खाली पोकळ आहे."

तिने पहार हिसकावली, दगडाखाली घातली आणि अंगाचा सगळा भार दिला. दगड जागचा हलला नाही.

त्याचा कारखाना बंद पडून वर्ष होत आलं होतं. बेलापूरच्या वाचनालयातून त्याने ती जुनी कादंबरी आणली तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. निदान माणूस भिंतीकडे बघत बसायचा थांबला. जंगलातलं उद्ध्वस्त नगर, तिथला गाडलेला खजिना, तो शोधणारे दोघे भाऊ. पुस्तक संपलं की तो पुन्हा पहिल्या पानापासून धरायचा. मग खाडीकाठच्या किल्ल्यावर जाऊ लागला. ती भांडली, रडली, शेवटी तिने पहार माळ्यावर लपवली. आज जेवायची वेळ टळली आणि माळ्यावर पहार दिसेना, तेव्हा पायात चपला अडकवून ती टेकडी चढली होती.

"मी माणसं आणते," ती म्हणाली.

"नको. माणसं आली की हातचं जाईल. आधी ती फरशी उचल. मग मला काढ."

ती धावत सुटली. टेकडीखाली एका इमारतीचं काम चाललं होतं. तिथले मजूर पहारी आणि दोर घेऊन तिच्यामागे आले. त्यांनी त्याला ओढून काढलं तेव्हा त्याची शुद्ध हरपली होती. ते चार पावलं मागे सरले तोच उरलेला बुरूज धडाडून खाली आला आणि फरशीही त्या ढिगाखाली गेली.

इस्पितळात उजवा पाय मांडीपासून कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर अरविंदने पायाबद्दल एक शब्दही विचारला नाही. तो कुणाशी बोलेना, खाईना. सलाइनवर माणूस किती दिवस काढणार, असं डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले. ती पेजेचा चमचा त्याच्या ओठांशी धरायची आणि तो तोंड फिरवायचा.

एका दुपारी त्याने तोंड फिरवलं नाही.

"मी फरशी ठोकत होतो, तेव्हा तू आवाज ऐकलास ना?"

तिने तेव्हा फक्त त्याची धाप ऐकली होती. तिची नजर चादरीवर गेली. उजव्या बाजूला चादर गादीला सपाट टेकली होती. तिने चमचा वाटीत ठेवला.

"ऐकला," ती म्हणाली. "स्पष्ट ऐकला."

"पोकळ?"

"पोकळच होता."

त्याने डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा सैलावला. तिने चमचा पुढे केला आणि त्याने मुकाट्याने तोंड उघडलं. वाटीभर पेज संपली. तिने पदराने त्याची हनुवटी पुसली. बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगावं म्हणून ती उठली, तर त्याने तिचं मनगट धरलं.

"मग आधी मला का काढलंस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.