पुंडलिकच्या जीपचं टायमिंग

पुंडलिकची जीप लष्कराच्या लिलावातली, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची. आठवडाभर तो तोफांच्या कारखान्यात जाई आणि रविवारी तुळशीराम कापडवाल्याचे गठ्ठे शहरातल्या बड्या फुहाऱ्याच्या पेठेतून कुंडमच्या बाजारात पोचवी. जीपच्या इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तो स्वतःच लावायचा. इंजिन चालू ठेवून ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि आवाज मनासारखा लागला की बोल्ट कसायचा. मोहल्ल्यातले लोक आपल्या गाड्या त्याला ऐकवायला आणत.

पण पासष्टच्या लढाईपासून त्याची नेमणूक चाचणीच्या मैदानावर होती. तयार झालेली प्रत्येक तोफ तिथे डागून बघत. कानात कापसाचे बोळे घालून दिवसभर धडाक्यांत उभं राहायचं. एकाहत्तर सालापर्यंत त्याचे कान जवळजवळ गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून तो बोलणं ओळखायचा. हे फक्त त्याच्या बायकोला, शैलजाला माहीत होतं. कारखान्यात कळलं तर आपल्याला कुठेतरी कोपऱ्यात बसवतील, ही त्याला धास्ती होती.

त्या दिवाळीत जीपचं इंजिन खोलावं लागलं. जोडून झाल्यावर टायमिंग नव्याने लावायचं होतं आणि इंजिनावरच्या जुन्या खुणा तर केव्हाच झिजल्या होत्या. पुंडलिकचा धाकटा भाऊ श्रीरंग ट्रकच्या कारखान्यात होता. तो इंजिनाची ओढ काट्यावर दाखवणारा व्हॅक्यूम गेज घेऊन आला.

"दादा, ही नळी इंजिनाला जोडायची. काटा जिथे सगळ्यात वर जाऊन स्थिर राहील, तिथून जरासं मागे घ्यायचं. इतक्या जुन्या गाडीला हेच बरं."

"काहून? आजवर कशावर लावत होतो?"

"कानावर. मी कुठे नाही म्हणतो? पण एकदा काटा पाहून घेऊ ना."

"माझ्या गाडीला काटे-बिटे लागत नाहीत."

श्रीरंग हसला. दादाचा हा जुनाच ताठा, असं त्याला वाटलं. शैलजा दारात उभी होती. ती एक वाक्य बोलली असती तरी पुरे होतं. पुंडलिकने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि ती आत गेली.

श्रीरंग गेल्यावर पुंडलिकने तिला बाहेर बोलावलं. "मी फिरवतो. तू इथे उभी राहा. आत कोणी हातोडी मारून राहिल्यासारखा आवाज आला, की हात वर कर. ठिणगी लवकर पडली की तसं ठोकतं आणि पिस्टन फुटतो."

"मला काय कळतं त्यातलं? सगळाच खडखडाट आहे. त्यापेक्षा भाऊजींचा काटा लावा. तो तर डोळ्यांनीच बघायचा आहे."

"आणि उद्या लोक विचारतील, पुंडलिकचे कान कुठे गेले. तेव्हा तू काय सांगशील?"

ती उभी राहिली. इंजिन धडधडत होतं, तो डिस्ट्रिब्यूटर फिरवत होता आणि तिला सगळे आवाज सारखेच वाटत होते. एकदा काहीतरी वेगळं वाजलंसं वाटून तिने हात वर केला. त्याने थोडं मागे घेऊन बोल्ट कसला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, म्हणून तिने पुढे काही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी कुंडमच्या वाटेवर जंगलातल्या चढाला पिस्टन फुटला. जीप ट्रकला बांधून आणावी लागली. सोबत आलेला तुळशीराम अंगणात उभा राहून श्रीरंगला सांगत होता.

"चढ लागल्यापासून इंजिन ठोकून राहिलं होतं. मी म्हणून राहिलो, भैया, रोको, कुछ टूट जाएगा. हे समोर बघून नुसती मान हलवून राहिले. मला वाटलं, चेष्टा करतात."

श्रीरंगने भावाकडे पाहिलं, मग शैलजाकडे. "वहिनी, दादाला ऐकू येत नाही? तुम्हाला ठाऊक होतं?"

ती काही बोलायच्या आत पुंडलिक म्हणाला, "हिलाच उभी केली होती ऐकायला. हिने हात उशिरा वर केला."

तुळशीराम जीपमधले गठ्ठे उतरवायला लागला. शैलजाला वाटलं, पुंडलिक आता हसेल, चेष्टा केली म्हणेल. पण तो हात धुवायला निघून गेला.

श्रीरंगने नवा पिस्टन घातला आणि गेज लावून टायमिंग बसवलं. जीप पहिल्यापेक्षा चांगली चालू लागली. पुंडलिक ती बघायलाही आला नाही.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. मैदानावरचं काम दुप्पट झालं. शैलजाने श्रीरंगला गाठलं. "भाऊजी, तुम्ही ह्यांच्या साहेबांशी बोला, मैदानावरून हलवा म्हणावं. जेवढं ऐकू येतं तेवढं तरी राहू दे."

"आत्ता नाही, वहिनी. आत्ता तिथे माणसं कमी पडून राहिली. कोणी ऐकणार नाही."

लढाई संपल्यावर तो बोलला. पुंडलिकची तपासणी झाली. बहिरेपण वयामुळे आलं असा शेरा पडला. तेव्हा तो चाळिशीतच होता. त्याला मैदानावरून काढून गेटवर बसवलं.

त्या संध्याकाळी त्याने विचारलं, "साहेबाला कोणी सांगितलं?"

शैलजा त्याच्या समोर येऊन बसली. "मी सांगायला लावलं."

पुंडलिक म्हणाला, "त्या दिवशी श्रीरंगसमोर तोंड उघडलं असतंस, तर निदान गाडी तरी वाचली असती."

शैलजा उठून स्वयंपाकघरात गेली.

जीप श्रीरंगकडेच राहिली. रविवारी तोच गठ्ठे घेऊन कुंडमला जाई. पुंडलिक सुट्टी असूनही त्या दिवशी गेटवरची पाळी मागून घेई.