माझा आवाज घोगरा कसा झाला

मित्रांनो, मला एकदा वाजवून पाहा. फुर्र होत नाही, खर्र होतं. मी एक जुनी पितळी शिट्टी आहे आणि हा घोगरेपणा मला जन्मापासून नाही. तो मला मिळाला, बक्षीस मिळावं तसा. पण ही गोष्ट एका दमात सांगता येणार नाही. शिट्टीला दम दुसऱ्याचा लागतो. तो जिथे संपेल तिथे माझं वाक्य तुटेल. तेव्हा तुम्ही जरा

(दम)

थांबा. आता ऐका. साच्यातून निघाले तेव्हा मी लखलखीत होते. फुलचंद गार्डांच्या खिशात मी कितीतरी वर्षं काढली. मी वाजले की जऊळक्याच्या स्टेशनातून गाडी सुटे. पुढे मी त्यांच्या मुलीच्या, ललिताबाईंच्या गळ्यात आले. ललिताबाई गावच्या शाळेत शिकवत. संध्याकाळची गाडी गेली की त्या स्टेशनामागच्या मैदानावर येत. तिथे हमाल, गाडीवान, दुकानदार असे बाप्ये हुतुतू खेळत. त्यांचे वस्ताद गुलाबसिंग आजारी पडले होते आणि आपल्या जागी त्यांनीच बाईंचं नाव सांगितलं होतं. लहानपणी भावांबरोबर खेळताना ही पोर कुणाच्या हाती लागत नसे, हे त्यांनी पाहिलं होतं. गावानं होकार दिला, पण एक अट घातली : यंदा शिरपूरशी हरलात, तर दुसरा वस्ताद

(दम)

आणू. पहिल्या दिवशी मी वाजले आणि कुणीच थांबलं नाही. मी तरी काय करणार? आजवर गाड्या सोडत आले होते. कुणाला थांबवायची सवय मलाही नव्हती.

खेमा हमाल म्हणाला, "बाई, शिट्टी वाजली का आमी निंगत असतो. थांबत नसतो."

"मग निघा," बाई म्हणाल्या. "हुतुतू म्हणत मालधक्क्याच्या टोकापर्यंत. दम तुटला की परत इथून."

आधी त्या स्वतः पदर खोचून धावल्या आणि दम न तुटता पोचल्या. खेमाचा दम अर्ध्यातच गेला. जमशेद कल्हईवाला हसला, म्हणून त्यालाही पाठवलं. त्याचा तर खेमाच्याही आधी गेला.

हळूहळू ते थांबू लागले. मी वाजले की जो जिथे असेल तिथे पुतळा. मग बाई एकेकाजवळ जात. "जमशेदभाई, तुमची टाच उचललेली आहे. गडी इथूनच निसटणार." जमशेद टाच टेकवी. बाईंचं म्हणणं खरं निघे. तेव्हापासून मला गळ्यात लोंबकळताना फार बरं

(दम)

वाटे. सामन्याच्या दिवशी संध्याकाळच्या गाडीला उशीर झाला. खेळ अगदी शेवटाला आला होता. शिरपूरचा रतनसिंग आमच्या अंगणात शिरला आणि आमच्या पाच जणांनी त्याला रेघेच्या अलीकडे पालथा पाडला. त्याचा दम तुटला की सामना आमचा. बाई श्वास धरून उभ्या होत्या. आणि शिट्टी

(दम)

वाजली. मी नव्हते, मित्रांनो. स्टेशनात गार्डाची शिट्टी वाजली होती. तोच साचा, तोच आवाज. आमचे पाचही जण जागच्या जागी पुतळे झाले. हात सुटले. रतनसिंग हुतुतू म्हणतच सरपटत रेघेपलीकडे गेला. आमचे पाच बाद. सामना गेला.

लोकांत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "बाईच्या शिट्टीवर उभे राह्यले, पाहा, बैलावानी."

खेमा अंगावरची धूळ झटकत म्हणाला, "राह्यलो. बाईची शिट्टी वाजली का आमी थांबतो. तुले काहून दुखून राह्यलं?"

बाईंनी मला गळ्यातून काढलं. "चूक माझी आहे. गाडीचा विचार मी करायला हवा होता. ही नव्या वस्तादांना द्या, खेमाभाऊ."

खेमानं दोन्ही हात पाठीमागे नेले. "वस्ताद गाव आणते तर आणो. खेळाले तं आमीच लागतो ना? आमी येतच नाही."

अट घालणारे गाववाले नव्या वस्तादाचं नाव न काढता घरच्या वाटेला लागले.

जमशेदनं मात्र मला बाईंच्या हातातून घेतलं. "खोट बाईत नाही, हिच्यात हाये. गार्डाच्या जुबानीत बोलते. चला दुकानावर."

सगळे मागोमाग आले. कानशीनं त्यानं माझ्या ओठाला एक खाच पाडली. दुखलं. मग बाईंनी मला फुंकलं आणि मी पहिल्यांदा खर्र केलं. हा आवाज दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

रस्त्यावर सगळे थांबले. खेमा तर एक पाय उचललेलाच.

बाईंना हसू आलं. "पाय टेका, खेमाभाऊ."

पुढे किती गाड्या सुटल्या. खेळताना कुणी वळूनही पाहिलं नाही.

आता मी शाळेच्या कपाटात असते, मित्रांनो, हिरवट पडलेली. चिंचेनं घासून मला लख्ख करा, माझी हरकत नाही. फक्त ती खाच बुजवू नका. तिच्यातूनच मी

(दम)