न वाळणारी माती

रोह्याच्या प्रयोगशाळेत मनालीचं काम साधं होतं. खाडीतून, बांधांवरून आलेला चिखल तोलायचा, एकशे पाच अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. जेवढं वजन घटलं, तेवढं त्यात पाणी.

गेल्या उन्हाळ्यात पेणजवळच्या खारेपाटातून काळुराम नावाचा शेतकरी गावच्या बांधाची माती घेऊन आला होता. खाडीचं पाणी अडवणारा तो बांध आतून भिजतोय, असा त्याला संशय होता. त्या दिवशी मनालीला कोलाडला मैत्रिणीच्या हळदीला जायचं होतं. तिने ती माती ओव्हनमध्ये ठेवलीच नाही. दुसऱ्याच नमुन्याचा आकडा जरा फिरवून लिहिला, आणि बांध कोरडा ठरला. श्रावणातल्या उधाणाला तो फुटला. दगड टाकायला धावलेला काळुराम सापडलाच नाही. तिने हे पेपरात वाचलं, कुणाला सांगितलं नाही, आणि तेव्हापासून स्वतःच्या अक्षराकडेही तिला धड बघवेना.

मार्गशीर्षात काळुरामची बायको इंदुबाई आली. फुटल्या जागेची माती तिने स्टीलच्या डब्यातून आणली होती. नवा बांध तिथेच घालावा का, एवढंच तिला विचारायचं होतं.

या वेळी मनालीने दोनदा तोलून माती ठेवली. सकाळी शेजारच्या वाट्यांतल्या चिखलाला भेगा गेल्या होत्या. इंदुबाईची माती होती तशीच ओली, वजनही तेच. तिने काटा तपासला, वाटी बदलली, ओव्हन बदलला. चौथ्या दिवशी वजन दोन ग्रॅमने वाढलं. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, अंदाजाने आकडा टाक आणि मोकळी हो. तिने पेन उचललं, पण शरमेने ते कागदावर टेकवेना.

निकाल विचारायला इंदुबाई पुन्हा आली तेव्हा मनालीने तिला ओव्हनपाशी नेलं.

"मावशी," मान वर न करता ती म्हणाली, "उन्हाळ्यात मी तपासलंच नव्हतं. मनानेच लिहिलं."

इंदुबाईची नजर ओव्हनवरून हलली नाही.

"ठाव हाय गो."

कुणी सांगितलं, हे विचारायचं धाडस मनालीला झालं नाही.

इंदुबाईने स्वतःच ओव्हनचं दार उघडलं. तापल्या हवेने मनाली मागे सरकली. इंदुबाईने मात्र उघडा तळहात सावकाश त्या मातीवर ठेवला, निजलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि तो तिथेच राहू दिला.

"किती गारठलेत हे," ती म्हणाली.