भांडणाचं इंग्रजी

हणमंतराव अंघोळीला गेले होते तेवढ्यात त्यांच्या बायकोने, देवकाबाईंनी, त्यांना नोकरी लावून दिली.

व्यंकटेश आला होता. बेला गावच्या शाळेतला हणमंतरावांचा जुना विद्यार्थी, आता आदिलाबादेत कापसाचा शास्त्रज्ञ. त्याच्या हाताखाली मोझांबिक देशाची एक मुलगी संशोधन करत होती. हैदराबादच्या विद्यापीठातून आलेली, बोंडअळीवर पीएचडी. इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं, पण बोलायची वेळ आली की शब्द घशातच अडकायचे. तिची भाषा पोर्तुगीज. "सरांनी तिला दोन महिने बोलायला शिकवावं," व्यंकटेश म्हणाला.

"शिकवतील नं," देवकाबाई म्हणाल्या. "दिवसभर पेपर घडी करून राह्यले, उलगडून राह्यले."

हणमंतराव टॉवेल गुंडाळून बाहेर आले तोवर पहिला तास सोमवारी साडेपाचला ठरलाही होता.

त्यांनी मान डोलावली. ते कुणालाच कधी नाही म्हणत नसत. चौतीस वर्षं त्यांनी मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शिकवलं होतं. काळ, कर्तरी, कर्मणी, सगळं तोंडपाठ. फक्त त्या चौतीस वर्षांत त्यांच्याशी इंग्रजीत कुणी बोललं नव्हतं. एकदाच एक तपासणी अधिकारी आला आणि त्याने इंग्रजीत विचारलं, "तुम्ही इथे किती वर्षांपासून शिकवत आहात?" हणमंतराव ताठ उभे राहून म्हणाले, "प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस, सर." वर्ग हसला नाही, कारण वर्गाला उत्तर बरोबर वाटलं. अधिकारी मात्र जेवणापर्यंत हसत होता.

सोमवारी अमेलिया आली. सव्वीस वर्षांची, उंच, बारीक वेण्या घातलेली, पायात शेतातली माती. हणमंतरावांनी टेबलावर हात ठेवला आणि हळू, स्पष्ट इंग्रजीत म्हणाले, "हे टेबल आहे."

अमेलियाने टेबलाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. मग एकेक शब्द विहिरीतून काढावा तसा काढत म्हणाली, "सर. टेबल मला माहीत आहे. मला भांडता येत नाही."

"भांडता?"

"पोर्तुगीजमध्ये मी फार छान भांडते. माझी आई माझ्याशी भांडायला घाबरते. इथे सगळे मला फसवतात, थांबवतात, केसांना हात लावतात आणि मी म्हणते, थँक यू." तिचे डोळे भरून आले. "दर वेळी थँक यू!"

हणमंतराव घाबरले. ते आयुष्यात कुणाशीही भांडले नव्हते; कोणत्याच भाषेत. दूधवाला, नळवाला, शेजारच्या सुधाकररावांचं कुत्रं, सगळी खाती देवकाबाईंकडे होती.

देवकाबाई चहा घेऊन आल्या. "काऊन रडून राह्यली पोरगी? काय केलं तुमी तिले?"

हणमंतरावांनी सांगितलं. देवकाबाईंनी ट्रे खाली ठेवला, पदर खोचला आणि खुर्ची ओढून बसल्या. तिथून खरी शिकवणी सुरू झाली.

पद्धत अशी बसली: अमेलिया प्रसंग सांगायची, हणमंतराव तो मराठीत करायचे, देवकाबाई उत्तर द्यायच्या आणि हणमंतराव ते इंग्रजीत उतरवायचे.

"बाजारात बाया माझ्या वेण्या ओढून बघतात."

"तिले म्हन, तुया मायच्या केसाले हात लाव."

हणमंतरावांनी चष्मा पुसला, विचार केला आणि भाषांतर केलं: "कृपया आपण आपल्या स्वतःच्या मातोश्रींच्या केसांना हात लावावा."

अमेलियाने ते तीनदा म्हणून पाहिलं. "सर, कृपया काढू या?"

"काढ."

"मातोश्रींच्या ऐवजी साधी आई?"

"चालेल," हणमंतराव म्हणाले आणि मनाशी चकित झाले. आपण चालेल म्हणालो!

महिनाभरात अमेलियाची गाडी रुळावर आली. शहराजवळ मावल्याला तिची खोली होती; तिथे पाण्याची मोटर बंद करून ठेवणाऱ्या घरमालकाला तिने इंग्रजीत असं धुतलं की, एक शब्द न कळूनही त्याने मोटर चालू केली. बेल्याला मारोतराव नावाच्या शेतकऱ्याच्या कापसात तिचे प्रयोगाचे पट्टे होते. तिचे फोटो काढायला बांधावर चढणाऱ्या मोटारसायकलवाल्यांना ती आता लांबूनच परतवायची. मारोतराव व्यंकटेशला म्हणाले, "साहेब, पोरगी येते तवा डुकरं बी येत नाहीत वावरात."

मग ऑक्टोबर आला आणि जिल्हा कापायचं ठरलं.

हणमंतरावांच्या घराला असल्या गोष्टींची सवय होती. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात जन्मले, हैदराबाद स्टेटमध्ये नोकरीला लागले, आंध्र प्रदेशात पेन्शनीत निघाले. हणमंतराव स्वतः तेलंगणात रिटायर झाले. या सगळ्या प्रवासात घराचा उंबरा तसूभर हलला नाही. आता दसऱ्याच्या मुहूर्तावर एका आदिलाबादचे चार जिल्हे होणार होते. कचेऱ्यांमध्ये कपाटं, पंखे, खुर्च्या, कारकून आणि कागद, सगळ्यांची वाटणी चालली होती. सख्ख्या भावांच्या वाटणीत होते तशीच. चांगला पंखा कुणाचा यावर दोन विभाग बोलत नव्हते.

याच धांदलीत अमेलियाला एक दाखला हवा होता: ती बेला मंडलात, म्हणजे तालुक्यात, वर्षभर काम करते आहे, असा. पंधरा तारखेपर्यंत तो पाठवला तरच तिच्या संशोधनाला मुदतवाढ मिळणार होती. नाहीतर अर्धं काम टाकून मायदेशी. दाखला द्यायचा होता जिल्ह्याच्या एका कचेरीने. कुठल्या ते सांगत नाही. सांगितलं तर उरलेल्यांना वाईट वाटेल. तिथला कारकून तिला तीन आठवडे एकच तेलुगू शब्द शिकवत होता: "रेपु." उद्या.

"माझं भांडण तिथे चालत नाही," अमेलिया म्हणाली. "मी ओरडते, ते हसतात. मोठे साहेब इंग्रजी बोलतात. त्यांचं इंग्रजी गुळगुळीत आहे, सर. पकडता येत नाही."

हणमंतरावांनी वहीत पाहिलं, छताकडे पाहिलं. देवकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमी जा तिच्यासंगं," त्या म्हणाल्या.

"मी तिथे काय करणार?"

"उभं तर राहाता येते नं?"

सोमवारी नवमी होती, पण कचेरी उघडी होती. दुसऱ्या दिवशी तीन नवे जिल्हे जन्माला यायचे होते. आवारात ट्रक उभे होते. व्हरांड्यात लाल कापडात बांधलेले कागदांचे बस्ते छातीएवढे रचलेले, प्रत्येकावर खडूने गाव लिहिलेलं. देवकाबाई डबा घेऊन बाकावर बसल्या. हणमंतराव आणि अमेलिया आत गेले.

साहेब तरुण होते, घामाघूम होते आणि त्यांच्या केबिनमधला पंखा मंचेरियालला, नव्या जिल्ह्यात, गेला होता. अमेलियाने कागद पुढे केला. साहेब तिच्याकडे न पाहता इंग्रजीत म्हणाले, "युअर फाइल इज बीइंग ट्रेस्ड." तुमची फाइल शोधली जात आहे.

"कधी मिळेल?"

"इट इज बीइंग लुक्ड इन्टू." त्यात लक्ष घातलं जात आहे.

"पण मला..."

"यू विल बी इन्फॉर्म्ड." तुम्हाला कळवलं जाईल.

अमेलियाने हणमंतरावांकडे पाहिलं. पकडायला खरंच काही नव्हतं. हा अन्याय तर होताच. पण हणमंतराव खवळले ते व्याकरणाने. तीन वाक्यं, तिन्ही कर्मणी प्रयोगात, तिन्हींत कर्ता गायब! चौतीस वर्षं त्यांनी असल्या वाक्यांवर लाल पेन चालवलं होतं.

ते उठून उभे राहिले. आवाज आला तो वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"बाय हूम?"

साहेबांनी मान वर केली. "एक्सक्यूज मी?"

"कोणाकडून? फाइल शोधली जात आहे, कोणाकडून? लक्ष घातलं जात आहे, कोणाकडून? वाक्य अपुरं आहे. पुरं करा."

बाहेरचा खडखडाट थांबला. खुर्ची उचलून चाललेले दोन शिपाई खुर्चीसकट दारात थबकले.

"बाय... बाय द सेक्शन," साहेब म्हणाले.

"सेक्शनला हात नसतात. नाव सांगा."

"तुम्ही कोण?"

"मी यांचा शिक्षक."

गलका ऐकून देवकाबाई आत आल्या. "काय म्हनून राह्यले साहेब?"

"फाइल शोधली जात आहे म्हणतात."

"कोन शोधून राह्यला?"

"तेच विचारतोय मी!"

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने भिंतीकडे. शेवटी बोलली ती दाराशी झाडू घेऊन उभी असलेली शकुबाई. "बेल्याचा बस्ता नं? सकाळी ट्रकात टाकला की. मंचेरियालच्या."

"मंचेरियालच्या कशाला?" हणमंतरावांनी विचारलं.

उत्तर कारकुनाने दिलं. खडूने लिहिताना जागा कमी पडली म्हणून बस्त्यावर नुसतं "बेल" लिहिलं होतं. हमालाने ते बेल्लमपल्ली वाचलं. बेल्लमपल्ली मंचेरियाल जिल्ह्यात चाललं होतं; त्याच्यासोबत अख्खं बेला मंडल बिनबोभाट निघालं होतं.

पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. अमेलिया ट्रकवर चढली. ताडपत्री सोडली, हमालांना इंग्रजीत आणि पोर्तुगीजमध्ये बाजूला केलं, आणि एकेक बस्ता खाली देऊ लागली. अकरावा बस्ता बेल्याचा निघाला. तिची फाइल त्यात होती. तीन आठवडे कुणी उघडलीच नव्हती, बांधलेली गाठ जुनीच होती.

साहेबांनी तिथेच, ट्रकच्या फळीवर कागद ठेवून सही केली. कागद देताना हणमंतरावांकडे पाहून इंग्रजीत म्हणाले, "मी सही केली आहे. मी."

"व्हेरी गुड," हणमंतराव म्हणाले.

ऑटोत बसल्यावर मात्र त्यांनी तोंडाला रुमाल लावला. "मला वांती होईल," ते म्हणाले. देवकाबाईंनी ऑटो थांबवून लिंबू सोडा पाजला. अमेलिया त्यांचा हात घट्ट धरून बसली होती. घरी दारात उतरल्यावर तिघंही एकदम हसत सुटले. इतकं की सुधाकररावांचं कुत्रं आत पळालं.

दाखला वेळेत गेला. नोव्हेंबरात मुदतवाढीसाठी कॉम्प्युटरवर तिची मुलाखत झाली, समोर तीन परीक्षक. एकाने विचारलं, कामाला उशीर का झाला? अमेलियाने वीस मिनिटं सांगितलं. मुदतवाढ मिळाली. पत्रात शेवटी एक ओळ होती: उमेदवाराचं इंग्रजी उत्तम असलं तरी परीक्षकांनाही बोलू द्यावं.

हणमंतराव बदलले, पण देवकाबाईंना वाटलं होतं तितके सोयीचे बदलले नाहीत. एका सकाळी ते म्हणाले, "पोह्यांत मीठ जास्त पडलं आहे."

"कोनाकडून?" देवकाबाईंनी विचारलं.

त्यांनी पोहे संपवले. पण पुढच्या आठवड्यात नळवाल्याशी ते स्वतः बोलायला गेले. अर्ध्या तासाने परत आले. नळ दुरुस्त झाला नव्हता, पण चेहऱ्यावर तेज होतं.

मार्चमध्ये कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या आणि अमेलियाचं काम संपलं. दोघं तिला बसस्टँडवर पोचवायला गेले. देवकाबाईंनी ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि रस्त्यात उघडू नको असं बजावून लोणच्याची बरणी दिली होती. हणमंतरावांनी निरोपाची चार वाक्यं आदल्या दिवशी लिहून पाठ केली होती. गाडी हैदराबादची. अमेलिया चढली, खिडकीशी बसली. हणमंतरावांनी घसा खाकरला.

तेवढ्यात कंडक्टर आला आणि तिची मातीच्या नमुन्यांची पेटी खाली उतरवा म्हणाला. अमेलिया उठली. "का? नियम दाखवा. कुठे लिहिलं आहे?" कंडक्टर हिंदीत आला, ती इंग्रजीत राहिली. मागची माणसं तिच्या बाजूने बोलू लागली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, गाडी हलली. खिडकीत तिची पाठ दिसत होती आणि हवेत फिरणारा एक हात. गुडीहत्नूरच्या रस्त्याला गाडी लागली तरी तो हात फिरतच होता.

"टाटा बी केला नाही पोरीनं," देवकाबाई डोळ्याला पदर लावत म्हणाल्या.

"कशी करणार?" हणमंतराव म्हणाले. "कंडक्टर साफ चूक होता."