चार वाजताची किटली

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात महिपतीकाका बत्तीस वर्षं मेंटेनन्सला होते. या बत्तीस वर्षांत दोन गोष्टी त्यांच्याजवळ कायम असायच्या. वरच्या खिशात लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर आणि जिभेवर एखादं मत. स्क्रू ड्रायव्हर लागेल तेव्हाच बाहेर यायचा, मताचं तसं नव्हतं.

कॅन्टीनमध्ये डबा उघडला की काका सुरू व्हायचे. "घरून काम म्हणे. आमच्या शिरगावच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावरचा पोरगा करतो. दिवसभर गॅलरीत येरझाऱ्या घालतो आणि कानात बोळे घालून 'यस, यस' म्हणत बसतो. मी म्हटलं, बाबा, एकदा तरी 'नो' म्हणून बघ, तुला काम आहे की नुसता पगार आहे ते कळेल." मग गाडी भाच्यावर. "जितेशनं घड्याळ घेतलंय, पावलं मोजतं. दहा हजार भरली नाहीत तर जेवण झाल्यावर पार्किंगमध्ये गोल गोल फिरतो. आणि भाजी आणायला रिक्षा." मग सोसायटीचा ग्रुप. "लिफ्टमध्ये तोंड फिरवतात आणि ग्रुपवर केक पाठवतात. तो केक कुणी खायचा?"

लोक हसायचे, कारण बोलणं खोटं नसायचं. घरी कमळाबाई मात्र हसत नसत. पोळी लाटता लाटता त्या एकदा म्हणाल्या होत्या, "तुमची सगळी मतं दुसऱ्यांवर. स्वतःवर एखादं आहे का?"

"माझ्यावर मत ठेवायला तू आहेस ना," काका म्हणाले आणि आणखी एक पोळी मागितली.

कारखान्यात त्यांच्या नावावर एक रिवाज जमा होता. ज्याच्या चुकीनं मशीन थांबेल, त्यानं दुसऱ्या दिवशी चार वाजता किटली उचलायची आणि सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा वाढायचा. मेमो नाही, दंड नाही. पंचवीस वर्षांपूर्वी काकांनीच हे सुरू केलं आणि ते टिकलं, कारण यातून कुणी सुटत नसे. मॅनेजर गुरुदत्त साहेबांनीसुद्धा एकदा वाढला होता. वाढणाऱ्यानं लाजून कप अर्धा भरला की काका ठरलेलं वाक्य टाकायचे. "पूर्ण भर. चूक काय अर्धी केली होतीस?"

स्वतः काकांच्या हातात ती किटली कधीच आली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. निवृत्तीही आता याच वर्षअखेरीला होती.

पावसाळ्यात राजसी आली. चोवीस वर्षांची, बदलापूरची, इंजिनिअर, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. तिनं थंड पाण्याच्या दोन पंपांवर काडेपेटीएवढी एकेक डबी चिकटवली. डबीला लोहचुंबक होतं आणि आत पंपाची थरथर मोजणारा सेन्सर. पंप बिघडायच्या आधीच मोबाइलवर लाल दिवा लागणार, असं तिचं म्हणणं. मोबाइल प्रत्येक डबीला तिच्या पंपाच्या नंबरानं ओळखायचा, पण डब्या सारख्याच दिसत म्हणून तिनं त्यांच्यावर कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, एक आणि दोन.

"मॅडम," काका म्हणाले, "पंप माणसासारखा असतो. दुखायला लागलं की कण्हतो. ऐकायला कान पाहिजे." त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बेअरिंग कुरकुरतंय का, हे त्यांना असं कळायचं.

"मला पण शिकवा ना काका," राजसी म्हणाली. "पण तुम्ही दिवसातून दोनदा ऐकता. डबी दर मिनिटाला ऐकते."

हे उत्तर काकांना आवडलं होतं, पण तसं त्यांनी दाखवलं नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा असते. राजसी त्या दिवशी सुट्टीवर होती. काकांनी पंप धुतले, पुसले, डब्या काढून ताटात ठेवल्या. त्याही यंत्रच, त्यांनाही हळदकुंकू नको का? रॉकेलच्या बोळ्यानं पुसताना चिठ्ठ्या निघाल्या. काकांना बरंच वाटलं, कारखान्यात कुणी कागदावर नंबर लिहितं का? आरती झाल्यावर त्यांनी बारीक ब्रश घेऊन पांढऱ्या ऑइलपेंटनं दोन्ही डब्यांवर सुरेख आकडे काढले आणि डब्या पंपांवर परत बसवल्या. ऑपरेटर हिरामण मोबाइलवर फोटो काढत होता, त्याला "देवाला स्टेटस लागत नाही" म्हणून झापलंही. दसरा करून परत आलेल्या राजसीनं ते आकडे पाहिले आणि मनापासून थँक्यू म्हटलं.

पुढच्या मंगळवारी मोबाइलवर एक नंबरच्या पंपाचा लाल दिवा लागला.

काकांनी कान लावला. पंप लोण्यासारखा चालत होता. तसं त्यांनी सांगितलं. पण दिवा लालच, आणि दिवसागणिक जास्तच लाल. राजसीनं धीर करून गुरुदत्त साहेबांकडून परवानगी घेतली आणि पुढच्या सोमवारी पंप खोलायला लावला. अर्धी शिफ्ट रंगाची बॅच थांबली. आतून बेअरिंग निघालं ते नवीन नाण्यासारखं चकचकीत.

काका तेव्हा जे बोलले ते कॅन्टीनमध्ये दोन वेळा, रंगवून, परत सांगितलं गेलं. "डबीला पंपाचं दुखणं कळत नाही, मॅडम. तिला बहुतेक स्वतःलाच ताप आलाय." गुरुदत्त साहेब हसले नाहीत. ते राजसीला म्हणाले, "डब्या सप्लायरला परत पाठवू, उद्या पत्र तयार कर. आणि तुझ्या कन्फर्मेशनचं मग बघू." मग बघू म्हणजे काय, हे नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारावं लागत नाही. शिवाय रिवाजानं मंगळवारी किटली तिच्याकडे आली.

त्या मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास काका पंपांवरून चालले होते. दोन नंबरपाशी त्यांचे पाय आपोआप थांबले. एक नंबरवर आठ दिवस एवढा गोंधळ चालला होता की दोन नंबरकडे कुणी, अगदी काकांनीही, धड पाहिलं नव्हतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला. आत कुणीतरी खडीसाखर चावत होतं.

बेअरिंग गेलं होतं. फार तर दोन दिवस.

काकांना आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगा. यंत्राला कळलं नाही ते कानाला कळलं, आणि तेही निवृत्तीला दोन महिने असताना. निरोप समारंभात सांगायला याहून चांगली गोष्ट कुठली? मग त्यांची नजर डबीवर गेली. पांढरा सुरेख दोनचा आकडा, कडेला हळदीचं बोट. पूजेचं ताट त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

ते हिरामणकडे गेले. "पूजेचे फोटो आहेत का रे?"

"तुम्हीच तर बोलले, स्टेटस लागत नाय म्हणून."

"दाखव."

पहिल्या फोटोत डब्यांवर अजून चिठ्ठ्या होत्या. डावीकडे एक, तिच्या शेजारी निरांजन. उजवीकडे दोन. पुढच्या फोटोत चिठ्ठ्या पुसलेल्या आणि निरांजन उजवीकडे. म्हणजे मध्ये ताट फिरलं होतं. फिरवलं कुणी तेही त्यांना आठवलं. नारळाची शेंडी पूर्वेकडे पाहिजे, असं म्हणून त्यांनी स्वतःच ताट फिरवलं होतं. आणि आरती झाल्यावर डावीकडच्या डबीवर एक लिहिला, उजवीकडच्या डबीवर दोन, एकदम पक्क्या ऑइलपेंटनं. म्हणजे दोन नंबरचं दुखणं आठ दिवस एक नंबरच्या नावावर लागत होतं.

डबी खरी होती. कानही खरा होता. खोटे फक्त हात होते.

चारला वीस मिनिटं होती. दोन्ही डब्या अदलाबदल करायला एक मिनिट पुरलं असतं, पांढरा रंग थिनरनं पुसायला आणखी एक. मग साहेबांकडे जाऊन सांगायचं, दोन नंबर माझ्या कानानं पकडला. कुणाला कळणार होतं? पोरगी हुशार आहे, तिला दुसरी नोकरी मिळेल. काकांनी खिशातून बोळा काढला सुद्धा. हातात धरून ते पंपासमोर उभे राहिले आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. कमळाबाई दिसल्या, पोळी लाटणाऱ्या. काकांनी बोळा परत खिशात कोंबला.

चार वाजता कॅन्टीन भरलं. गुरुदत्त साहेबही आले होते. राजसीनं किटली उचलली. तिचे डोळे सुजलेले होते, पण ती ताठ उभी होती. पहिला कप ती ओतणार, तेवढ्यात काका पुढे झाले.

"मॅडम, किटली इकडे द्या."

"राहू दे काका. नियम आहे."

"नियम आहे म्हणूनच मागतोय." त्यांनी किटली तिच्या हातातून घेतली आणि साहेबांकडे वळले. "साहेब, दोन नंबर बंद करायला सांगा. बेअरिंग गेलंय. डबी आठ दिवस तेच सांगत होती. पूजेला मी डब्या काढल्या आणि नंबर उलटे लिहिले. हिरामणकडे फोटो आहे."

गुरुदत्त साहेब काकांना वीस वर्षं ओळखत होते. त्यांनी जरा वाट करून द्यायचा प्रयत्न केला. "पण शेवटी पकडलं तुमच्या कानानंच ना, महिपती?"

"कानानं आज पकडलं, साहेब. हिनं गेल्या मंगळवारी."

साहेबांनी हिरामणला पंप बंद करायला पिटाळलं. मग राजसीकडे पाहून ते म्हणाले, "ते पत्र राहू दे. कन्फर्मेशनचं उद्या येऊन घेऊन जा." राजसीनं मान डोलावली.

काकांनी पहिला कप तिच्यापुढे धरला. बत्तीस वर्षं पाने-पक्कड फिरवलेला हात, पण किटली त्याला जड जात होती. चहा अर्ध्या कपापर्यंत आला आणि हात थांबला.

राजसीनं कपाकडे पाहिलं, मग काकांकडे. नाक पुसलं.

"काका, पूर्ण भरा," ती म्हणाली. "चूक काय अर्धी केली होती?"

आख्खं कॅन्टीन हसलं, साहेबांसकट. काकांनी कप भरला, काठोकाठ भरला, बशीत सांडेपर्यंत भरला. मग ते पुढच्या माणसाकडे वळले, आणि शेवटचा कप भरून होईपर्यंत त्यांच्याकडे कशावरही, कुणाबद्दलही, एकसुद्धा मत नव्हतं.