जुन्या कापडाची वात

हुकूम आला तो गुरुवार होता, आणि मी शुक्रवारच्या वाती वळत बसले होते.

शुक्रवारच्या वाती जाड, दुप्पट पिळाच्या. शुक्रवारी सूर्य बुडाला की आम्ही यहुदी दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत विस्तवाला हात लावत नाही, वात पुढे सारायलाही नाही. म्हणून त्या रात्रीची दिव्याची हंडी एकदा लावली की आपल्या बळावर पहाट गाठायला हवी. ती लावायचे अबू जुंदब, दिवाबत्तीचे मुकादम, पाच वेळा नमाज पढणारे. दर शुक्रवारी ठरलेलं बोलायचे, "तुमच्या देवाने तुम्हाला सुट्टी दिली आणि काम माझ्या गळ्यात घातलं."

त्या गुरुवारी ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

"आत या की. पाय मोडलेत का?"

"शेलोमित, दमिश्कहून खलिफाचा हुकूम आलाय. वरची झाडलोट, हंड्या, वाती, सगळं आता खजिन्याचे गुलाम करणार. तुमच्या लोकांनी परवापासून वर यायचं नाही."

वर म्हणजे त्या कातळावर. तिथे एकेकाळी आमचं मंदिर होतं, आता सोन्याचा घुमट आहे. रूमी ख्रिस्ती राजांच्या काळात माझ्या आजोबांना या शहरात पाऊल टाकायची बंदी होती. वर्षातून एक दिवस समोरच्या टेकडीवर उभं राहून रडायची तेवढी मुभा. मग मुसलमान आले, आणि त्यांनी माझ्या वडिलांच्या हातात झाडू दिला. लोकांना वाटेल, झाडूच तो. आबांनी तो दोन्ही हातांनी घेतला होता.

"आबांना कोण सांगणार?" मी विचारलं.

"तू."

"हुकूम तुम्ही आणलात."

आबा आतल्या खोलीत बसून जुनी कापडं चाचपत होते. डोळे गेल्यापासून तेवढंच काम उरलं होतं. अबू जुंदबांनी शेवटी आत येऊन, त्यांच्याजवळ बसून सांगितलं.

"माझं नाव आहे त्यात?" आबांनी विचारलं.

"नाव कुणाचंच नाही, यानाय."

"मग माझ्यासाठी नसेल."

कुणी हसलं नाही. आबा हातातल्या कापडाची घडी करत मला म्हणाले, "नव्या पोरांना वाती नीट शिकव गं."

मी टोपल्या नेऊन दिल्या, कात्र्या दिल्या, तेलाची मापं दिली. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. वात जुन्या तागाच्या कापडाची लागते. पन्नास वेळा धुतलेला, अंगावर विरलेला सदरा हवा, त्याचीच ज्योत स्वच्छ जळते. नव्या कापडात खळ असते, ती धूर करते. मला कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही. एवढं तरी माझ्याकडे राहू दे म्हटलं.

ती पोरं भाविक. पवित्र जागेला चिंध्या कशा चालतील, म्हणून त्यांनी मिसरचं कोरं, भारी तागाचं कापड मागवलं. आठ दिवसांत हंड्या काळवंडल्या. मी आमच्या गच्चीवरून बघायचे. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

एकदा अबू जुंदब आबांना भेटायला आले. आबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि बाही नाकाशी नेली.

"ही काजळी वरची?"

अबू जुंदबांनी बाही मागे ओढली. आबांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "शेलोमित, सांगितलं नाहीस तू त्यांना?"

"हाकललं त्यांनी आपल्याला, आबा!"

"हाकललं. म्हणून तिथे अंधार करणार तू? माझा बाप त्या जागी एक दिवा दिसावा म्हणून जन्मभर टेकडीवर उभा राहिला."

आबा उठले, त्यांनी पेटी चाचपली आणि एक अंगरखा काढला. वर झाडताना घालायचे तो. मेल्यावर यातच पुरा मला, असं आम्हाला बजावून ठेवलेला.

"फाड."

"आबा, हा नको."

"याच्याइतकं जुनं घरात काही नाही. फाड."

अबू जुंदब भिंतीकडे तोंड करून बसले. फाडताना कापडाचा आवाजसुद्धा झाला नाही, इतकं ते विरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको, उम्म जुंदब, टोपली घेऊन दारात. "वाती दे गं. घरासाठी हव्यात."

"किती?"

"दोनशे."

"घरात दिवे किती तुझ्या?"

"एक." तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "पण नवऱ्याला कमी दिसतं."

त्या संध्याकाळी आबांना धरून गच्चीवर नेलं.

"लागल्या?"

"लागल्या."

"धूर?"

"नाही, आबा."

ते बसले. थंडी वाजेपर्यंत उठले नाहीत.

थंडी सरायच्या आत ते गेले. कोऱ्या कापडात पुरावं लागलं.

उम्म जुंदब अजून दर गुरुवारी येते. वाती कुठे जातात ते मी विचारत नाही, ती सांगत नाही. नव्या पोरांना रोजच विस्तव चालतो, त्यांना जाड वाती लागायचं कारण नाही. तरी शुक्रवारच्या मी जाडच वळते. परवा टोपली उचलताना ती म्हणाली, "वरची पोरं विचारत होती, बाकीच्या रात्री उठून वाती साराव्या लागतात, शुक्रवारच्याच कशा काय पहाटेपर्यंत जळतात?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला काय ठाऊक. मी घरासाठी नेते."