शिवार-कोशातली ज्वारी

"खोडलं. परत खोडलं. काही अदबच नाही लोकायले," वामनराव ओठातल्या ओठात पुटपुटले आणि त्यांनी मोबाइल मांडीवर पालथा घातला.

त्यांची बायको रुपा शेजारीच, तामसीतल्या घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही. उटनूरच्या कचेरीत उभा जन्म कारकुनी केलेला माणूस. आता रागवायला ना शिपाई उरला होता, ना शिव्या घालायला साहेब. म्हणून मग कधी बसवाल्यावर, कधी बातम्यांवर, कधी नुसत्या थंडीवर कुरकुर चाले.

"काय खोडलं?"

"काही नाही. सोल तू."

मफलर गुंडाळून ते चौकात चहाला गेले. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत रुपानं आणखी दोनचार शेंगा सोलल्या, मग हात पदराला पुसले आणि आपला मोबाइल काढला. तिची रोजची वेळ हीच.

मोबाइल खरं तर वृषालीचा, जुना. लेकीनं हैदराबादेत नोकरी धरली तेव्हा नवा घेतला आणि हा आईला दिला. त्यात 'शिवार' नावाचा खेळ तसाच राहून गेला होता. पडद्यावरच्या वावरात कापूस पेरायचा, बैल जोपासायचे, गाव वसवायचं. नंतर वृषालीनं करीमनगरकडच्या एका पोराशी रजिस्टर लग्न केलं आणि झाल्यावर फोन करून सांगितलं. वामनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. तिचं नाव घ्यायचं नाही असं ते कधीच म्हणाले नाहीत. फक्त पोर जन्मली तेव्हापासून बायकोला 'वृषालीची माय' म्हणून हाक मारणारा हा माणूस त्या दिवसापासून 'ऐकलं का' म्हणू लागला. घराला कळायचं ते कळलं.

काही महिने रुपा मागच्या अंगणात, न्हाणीच्या आडोशाला उभी राहून लेकीशी कुजबुजत असे. मग एकदा वृषालीच म्हणाली, "माय, असं चोरून नको बोलू. मलेच लाज वाटते. बाबा म्हणतील तवाच बोलू." त्यानंतर तिनं फोन केला नाही, आणि रुपालाही लावायचा धीर झाला नाही.

राहिला तो खेळ. रुपा तोच खेळत बसू लागली. पडद्यावरच्या कापसावर बोंडअळी पडली, तेव्हा उपाय शोधता शोधता तिला शिवार-कोश सापडला. खेळणाऱ्यांनीच मिळून लिहिलेला हा कोश. कोणीही यावं, भर घालावी, दुसऱ्याची चूक सुधारावी. त्याची देखरेख करणारी होती 'तांबडी खार'. नाव वाचलं आणि रुपाच्या हातातला चहा कलंडला. फ्रॉकच्या ओच्यात शेंगदाणे भरून पळणाऱ्या पोरीला याच ओट्यावरून वामनराव ओरडत, "पकडा, पकडा त्या तांबड्या खारीले."

रुपानं 'अंगण' असं नाव घेतलं आणि बिचकत बिचकत कोंबड्यांच्या पानावर दोन ओळी लिहिल्या. खारीचं उत्तर आलं, 'स्वागत आहे. चुकलं तरी घाबरू नका. इथं पुसलेलं परत आणता येतं.'

या कोशात वागायच्या रीती खारीनंच लिहिल्या होत्या. दुसऱ्याचं लिहिलेलं खोडाल तर कारण द्या. नव्या माणसाशी सबुरीनं बोला. चर्चेत नावानिशी बोला, आणि बोलणं खेळापुरतंच ठेवा, घरगुती गोष्टी इथं नकोत. ही शेवटची रीत पहिल्यांदा वाचली तेव्हा रुपाला ती आपल्यासाठीच केल्यासारखी लागली होती. पण रीतीत राहूनही माणसं काय काय बोलतात! थंडीत कोंबड्या झाकाव्या लागतात का, असं अंगणनं विचारलं होतं. 'झाकाव्या,' खार म्हणाली होती, 'आणि झाकणाऱ्यानंही अंगावर काही घ्यावं.' रुपा त्या दिवसापासून स्वेटर घालत होती.

आज ज्वारीच्या पानावर भांडण होतं. कोणा बिननावाच्या माणसानं भर घातली होती: 'हुरडा भाजल्यावर कणीस गरम असता लहान मुलांचे हाती देऊ नये. मोठ्याने तळहातावर चोळून, फुंकून मगच द्यावे. सबब नोंद घ्यावी.' खारीनं ते काढलं होतं. माणसानं परत घातलं: 'सदर मजकूर खोडू नये.' तिनं परत काढलं. परत घातलं, परत काढलं. खाली खारीची सूचना होती: 'कृपया चर्चेत या, नावानिशी बोला. असंच चालू राहिलं तर नाइलाजानं ही जोडणी बंद करावी लागेल.'

'सबब' वाचून रुपाला हसू आलं. मग ते जिथल्या तिथं थांबलं. किराण्याच्या चिठ्ठीवरसुद्धा 'सबब' लिहिणारा माणूस तिनं जगात एकच पाहिला होता.

टीव्हीवरच्या फळीवर इंटरनेटचा डबा लुकलुकत होता. घरात जोडणी ती एकच. ती बंद झाली की अंगणचंही दार लागणार होतं.

तिनं पान पुन्हा वर सरकवलं. खोडताना खारीनं कारण दिलं होतं, रीतीप्रमाणे: 'माहिती खरी आहे, पण खेळात हुरडा नाही.' बाकी लोकांना ती लिहायची, 'आधार द्या.' इथं तिनं आधार मागितला नव्हता. चोळून, फुंकून दिलेल्या दाण्यांबद्दल तिला कोणाला विचारायची गरज नव्हती.

वामनराव परत आले तेव्हा शेंगा होत्या तिथंच होत्या.

"शिवार-कोशात तुमीच लिवून राह्यले ना?" रुपानं विचारलं.

एक चप्पल पायात, एक बाहेर, असे ते थांबले. "तुले काय ठाऊक?"

"मीबी लिवते तिथं."

परगावच्या बाजारात अचानक समोरासमोर आल्यासारखी दोघं एकमेकांकडे पाहत राहिली.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"हाय थोड्या दिसापासून. तुमचं वागणं चुकते तिथं. कचेरीत कोणी बिनसहीचा अर्ज आणला असता, तर घेतला असता तुमी?"

"तोंडावर फेकला असता."

"मंग?"

वामनराव खुर्चीवर बसले. मफलर काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवला, त्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"पण खोडते काऊन म्हणतो मी? त्यात खोटं काय हाय?"

"खोटं नाही. खेळात नाही."

"खेळात नाही तर खेळ अधुरा हाय," ते म्हणाले. मग रस्त्याकडे बघत, "खोडणारं कोण हाय, म्हाईत हाय का?"

रुपानं एक शेंग उचलली. "खार हाय म्हणे कोणी. तांबडी."

"हं," वामनराव म्हणाले.

तेवढंच. पण हे त्यांना आजच कळतंय असं त्या 'हं'मध्ये काही नव्हतं. रुपानं शेंग सोलली, दाणे तसेच मुठीत राहिले.

"सांग," ते म्हणाले. "कसं लिवाचं असते ते."

ती खुर्चीजवळ सरकली. आधी चर्चेत जायचं, तिथं आपलं म्हणणं मांडायचं, वाद घालायचा नाही, शेवटी नाव. एका बोटानं वामनराव टाइप करू लागले. एकेक अक्षर ते असं दाबत, जणू शिक्का मारताहेत. 'खेळात हुरडा नाही हे मान्य. सबब मजकूर मागे घेत आहे.' इथं ते थांबले. मग लिहिलं, 'तामसीच्या वावरात मात्र ज्वारी हुरड्यावर आली आहे.'

"आता नाव," रुपा म्हणाली.

बोट पडद्यावर तरंगत राहिलं. त्यांनी 'वामन' लिहिलं, पुसलं. 'बा' लिहिलं. तेही पुसलं.

"इथं इचारता येते का," ते म्हणाले, "कवा येशील म्हणून?"

"नाही इचारता येत. घरगुती बोलाचं नाही, अशी रीत हाय तिथली."

"कोणं केली ती रीत?"

समोरच्या रस्त्यावरून आदिलाबादची बस धूळ उडवत गेली आणि धूळ खाली बसेपर्यंत दोघंही तिकडेच बघत राहिली.

"बराबर केली," वामनराव म्हणाले. लिहिलेलं न पाठवताच त्यांनी मोबाइल ओट्यावर ठेवला. "घरचं घरातच बोलावं माणसानं."

मग ते रुपाकडे वळले.

"वृषालीची माय," ते म्हणाले, "फोन लाव तिले."